जांभ्याच्या वाटेसाठी फुल सस्पेन्शन सायकल : चाचणी आणि निवड

फुल सस्पेन्शन माउंटन बाइक घेताना दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर मारलेल्या चकरेवरून काहीही ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या चाकाला धक्के झेलणारा फोर्क आणि मागच्या चाकाला तसाच शॉक असलेली कोणतीही सायकल डांबरावर नुसती मऊ वाटते, आणि तिथे जी सर्वांत मऊ वाटते तीच डोंगर चढताना सर्वांत जास्त दमवण्याची शक्यता असते. दोन लाखांच्या वर रक्कम मोजायची असेल, तर जिथे ती चालवायची आहे त्याच जमिनीवर, शॉकमध्ये आपल्या वजनाप्रमाणे हवा भरून, चढ आणि उतार दोन्ही घेऊनच सायकल पारखली पाहिजे. कोल्हापूरकरांना अशी जमीन शोधायला लांब जावे लागत नाही.

शहरापासून वीसेक किलोमीटरवर पन्हाळा आहे आणि तो आसपासच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंच उठतो. त्याच्या पलीकडे म्हाळुंगे गावाजवळून मसाई पठारावर वाट जाते. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघालेले शिवाजी महाराज ज्या मार्गाने गेले, त्याच मार्गावर हे पठार येते. माथा सगळा जांभ्याचा आहे. उन्हाळ्यात हा दगड खरखरीत आणि टायरला चांगली पकड देणारा असतो. पण त्याच्यावर सुटे, गोलसर खडे पसरलेले असतात, आणि वळणावर त्यांच्यावरून चाक घसरते ते खळ्यात सांडलेल्या ज्वारीवरून पाय घसरावा तसे. पठाराच्या कडेला वीतभर उंचीच्या नैसर्गिक पायऱ्या आहेत. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरते आणि उतारावरची तांबडी माती टायर व फ्रेमच्या मधल्या जागेत गच्च बसते. परदेशातल्या बाइक पार्कमध्ये सायकलीसह माणसाला वर नेणारी लिफ्ट असते. आपल्याकडे उतरायचा प्रत्येक मीटर आधी स्वतःच्या पायांनी चढावा लागतो. सायकलीची निवड करताना मी याच गोष्टीला सर्वाधिक महत्त्व दिले.

चाचणीसाठी तीन प्रकारच्या सायकली मिळवल्या. पहिली मागे १२० मिलिमीटर ट्रॅव्हलची, दुसरी १३० आणि तिसरी १५० मिलिमीटरची होती. ट्रॅव्हल म्हणजे चाक जास्तीत जास्त किती वर दबू शकते ते अंतर. एक सायकल इथल्या दुकानातून, एक ओळखीच्या सायकलस्वाराकडून आणि एक पुण्याच्या विक्रेत्याकडून चाचणीपुरती मिळाली. तिन्ही २९ इंची चाकांच्या होत्या. तिन्हींना माझेच पेडल लावले, टायरमध्ये सारखीच हवा ठेवली आणि एकाच वाटेने नेल्या. एवढे केले नाही, तर टायरमधल्या हवेचा फरक आपण सस्पेन्शनच्या खात्यावर जमा करतो आणि भलतीच सायकल चांगली ठरते.

आता सॅगविषयी सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते चाचणीचा निम्मा निकाल इथेच लागतो. आपण सायकलीवर बसल्यावर केवळ आपल्या वजनाने शॉक जेवढा दबतो त्याला सॅग म्हणतात. या प्रकारच्या सायकलीत मागे तो साधारण २५ ते ३० टक्के असावा लागतो. शॉकचा दांडा एकूण ५० मिलिमीटर सरकत असेल, तर बसल्यावर तो १३ ते १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. हे मोजण्यासाठी दांड्यावर एक रबरी कडे असते. भिंतीला टेकून, नेहमीचे बूट, हेल्मेट आणि पाण्याची पिशवी अंगावर घेऊन बसायचे, कडे सरकवून दांडा जिथे आत शिरतो तिथल्या सीलला चिकटवायचे, अलगद उतरायचे आणि ते किती सरकले ते पाहायचे. हवा भरायला साधा पंप चालत नाही. जास्त दाबाचा, छोटा शॉक पंप लागतो आणि तो स्वतःचा असावा. बऱ्याच शॉकच्या बाबतीत आपल्या वजनाचा पौंडांतला आकडा हाच पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा आकडा, धरून सुरुवात करता येते. म्हणजे ७५ किलोच्या माणसाने १६५ च्या आसपास भरावे आणि मग कड्याच्या मापाप्रमाणे कमीजास्त करावे. दुकानात उभी असलेली सायकल आधीच्या माणसाच्या वजनाला लावलेली असते किंवा तिला कोणाच्याच वजनाला लावलेले नसते. तशीच ती चालवून एखाद्याने ‘ही सायकल कडक आहे’ असे म्हटले, तर ते मत सायकलीविषयी नसून तिच्यातल्या हवेविषयी असते.

सॅगनंतर रिबाउंड. दबलेला शॉक किती वेगाने परत उघडतो ते एका लहान चकतीने ठरते. तो फार वेगाने उघडला, तर पायरीवरून उतरताना सीट मागून वर ढकलते. फार सावकाश उघडला, तर एकामागोमाग एक दगड आल्यावर शॉक पुरता सावरण्याआधीच पुन्हा दबतो आणि शेवटी जवळजवळ ट्रॅव्हलच उरत नाही. पठारावरून म्हाळुंग्याकडे येणाऱ्या गाडीवाटेवर सलग दगड असल्यामुळे हा दुसरा दोष तिथे ताबडतोब कळतो. चकती पूर्ण बंद करून, तिथून उलट दिशेला किती ‘टक’ आवाज येतात ते मोजून लिहून ठेवावे आणि एका वेळी दोनच टक बदलून तोच तुकडा पुन्हा उतरावा.

चढावर तिन्ही सायकलींचा स्वभाव अगदी वेगळा निघाला. १५० मिलिमीटरची सायकल वाघबिळाच्या डांबरी चढावरच जड वाटू लागली. प्रत्येक पेडलबरोबर शॉक किंचित दबत होता, आणि शॉकवरचा खटका ओढून तो कडक केला की हे थांबत असले तरी जाड टायर आणि वजन कुठे जाणार? सपाटीवरचा वेळ जोडला तर मसाईपर्यंत पोहोचताना पायांतले बळ बरेच खर्च झालेले असते, आणि थकलेला माणूस चांगल्या सायकलीवरसुद्धा वाईट उतरतो. १२० ची सायकल चढाला फार सुरेख होती. कळंब्याच्या पुढे कात्यायनीच्या बाजूला जो मुरमाड चढ आहे, तिथे उभे राहून पेडल मारले तरी तिचे मागचे चाक जमीन सोडत नव्हते. जो वर्षातला बराच काळ रस्ता, मुरूम आणि उसाच्या रानांतल्या गाडीवाटा यांवर चालवणार आहे, त्याला मी तीच घ्यायला सांगेन.

उतारावर मात्र क्रम बदलला. जांभ्याच्या पायऱ्यांवर १२० ची सायकल हातांना सारखी कामाला लावते. ओळ, म्हणजे दगडांमधून चाक न्यायची नेमकी वाट, अचूक धरली तर ती निर्धोक उतरते, पण संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर असताना आणि मनगटे दुखत असताना ओळ नेहमी अचूक राहतेच असे नाही. १५० ची सायकल इथे निर्विवाद श्रेष्ठ होती, आणि ज्याचे खरे प्रेम उतारावर आहे त्याने चढाचे कष्ट पत्करून तीच घेणे योग्य. उतारावरच्या स्थैर्याचे श्रेय केवळ ट्रॅव्हलला देणे बरोबर नाही. हेड अँगल, म्हणजे फोर्क जमिनीशी करतो तो कोन, जितका कमी तितके पुढचे चाक आपल्यापासून लांब पडते आणि तीव्र उतारावर पुढे कोलमडण्याची भीती कमी होते. त्याच वेळी अरुंद वळणावर आणि सावकाश चढताना हँडल भरकटू लागते. ६६ अंशांच्या आसपासचा कोन मला आपल्या वाटांना मानवणारा वाटला.

मी शेवटी निवडली ती या दोन्हींच्या मधली, ट्रेक कंपनीच्या फ्युएल ईएक्स मालिकेतील पाचव्या पिढीची, ॲल्युमिनियम फ्रेमची सायकल. तिच्यात मागे १३० आणि पुढे १४० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या पिढीत ही मापे १४० आणि १५० झाली, त्यामुळे जुन्या पिढीची शिल्लक सायकल केवळ स्वस्त पडते म्हणून नव्हे, तर आपल्या चढांना ती अधिक बसते म्हणून घ्यावी, असे मी म्हणेन. तिची एक रचना मला विशेष आवडली. मागच्या चाकाचा आस आणि सस्पेन्शनचा मागचा सांधा हे दोन्ही एकाच अक्षावर ठेवलेले आहेत. त्यामुळे मागचा ब्रेक दाबलेला असतानाही शॉक अडखळत नाही आणि चाक दगडांवरून आपले काम करत राहते. म्हाळुंग्याच्या उतारावर जवळजवळ सतत ब्रेक धरून यावे लागते, तिथे या गुणाचे मोल कळते. शॉकला जोडणाऱ्या दुव्यात एक लहान तुकडा आहे. तो उलटा फिरवून बसवला की हेड अँगल साधारण अर्ध्या अंशाने बदलतो आणि पेडलची जमिनीपासूनची उंची थोडी कमीजास्त होते. मी तो उंच बाजूला ठेवला आहे, कारण जांभ्याच्या पायऱ्या चढताना पेडल दगडाला लागणे हा इथला कायमचा त्रास आहे.

मापाच्या बाबतीत घाई करू नये. दोन मापांच्या मध्ये उंची येत असेल, तर दोन्ही मापे उभे राहून चालवावीत. उतारावर आपण सीटवर बसत नाही, म्हणून बसून घेतलेले माप निम्मेच खरे असते. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे बटण दाबताच खाली जाणारी सीट, नसलेली सायकल या किमतीत घेऊ नये.

ब्रेकविषयी एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. कमी किमतीच्या काही रोटरवर, म्हणजे ब्रेकचे पॅड जिला पकडतात त्या चाकावरच्या चकतीवर, ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची सूचना कोरलेली असते. रेझिन, म्हणजे राळेसारख्या पदार्थाने बांधलेले, पॅड आवाज करत नाहीत आणि कोरड्या हवेत चांगले धरतात. परंतु पावसाळ्यात तांबड्या मातीचा रबडा रोटरवर चढला की ते फार लवकर झिजतात. तिथे धातुमिश्रित पॅड टिकतात, आणि ते या रोटरवर लावता येत नाहीत. म्हणून रोटर डोळ्यांनी पाहून, गरज असल्यास बदलून देण्याची अट खरेदीच्या वेळीच घालावी. टायर ट्यूबलेस करून घेणेही त्याच दिवशी उरकावे. बाभळीचे काटे आणि जांभ्याच्या कडा यांच्यापुढे ट्यूब टिकत नाही, शिवाय ट्यूबलेसमध्ये कमी हवा ठेवता आल्यामुळे पकड वाढते ती वेगळीच.

देखभालीचा विचार निवडीइतकाच महत्त्वाचा आहे. साध्या सायकलीला नसलेले अनेक सांधे या फ्रेममध्ये असतात आणि प्रत्येकात बेअरिंग असते. ही बेअरिंग बहुधा ६९०२ किंवा ६८०२ अशा प्रमाणित क्रमांकांची असतात, आणि शिवाजी उद्यमनगरासारखी वसाहत असलेल्या शहरात त्या क्रमांकाचे बेअरिंग शोधणे अवघड नाही. मात्र फ्रेमच्या सांध्यासाठी गोळ्या पूर्ण भरलेले, पिंजरा नसलेले बेअरिंग वापरतात, कारण ते पूर्ण फिरत नाही, नुसते थोडे मागेपुढे हलते आणि त्यावर भार मोठा असतो. म्हणून क्रमांक जुळला तरी हा प्रकार विचारून घ्यावा. बेअरिंग बसवायचे अवजार, म्हणजे आट्यांचा दांडा आणि योग्य मापाच्या चकत्या, लेथवर करून देणारा कारागीर इथे सहज भेटतो, आणि या एका बाबतीत कोल्हापूरचा सायकलस्वार अनेक मोठ्या शहरांतल्यांपेक्षा सुदैवी आहे. फोर्क आणि शॉकची गोष्ट वेगळी. फोर्क आणि शॉक बनवणाऱ्या कंपन्यांपैकी रॉकशॉक्स आपल्या फोर्कच्या खालच्या नळ्यांची साफसफाई आणि तेलबदल ५० तासांच्या वापरानंतर सुचवते, तर फॉक्स संपूर्ण सर्व्हिस १२५ तासांनी किंवा वर्षातून एकदा करायला सांगते. ते काम कोण करणार, सील कुठून येणार आणि किती दिवस लागणार, याचे उत्तर विक्रेत्याकडून पैसे देण्याआधी घ्यावे. मला समाधानकारक उत्तर ज्याने दिले, त्याच्याकडूनच मी सायकल घेतली. दुसरीकडे किंमत थोडी कमी होती.

चाचणीची परवानगी मागायला संकोचू नये. काही रक्कम अनामत ठेवतो, ओळखपत्र देतो, ओरखडा पडल्यास भरून देतो, असे आधीच सांगितले की जाणकार विक्रेता तयार होतो. आणि पठारावर जाताना रुळलेल्या गाडीवाटेवरूनच जावे. पावसाळ्याच्या अखेरीस जांभ्यावरच्या मातीच्या पातळ थरात जी फुले येतात, त्यांच्यावरून टायर गेला तर तो थरच निघून जातो. चाचणी कितीही महत्त्वाची असली तरी तिच्यासाठी ही किंमत देता येणार नाही.

सायकल घरी आल्यानंतर पहिल्या काही फेऱ्यांनी सांध्यांचे सगळे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोराने आवळले ते दाखवणाऱ्या पान्याने, तपासून घ्यावेत. नव्या फ्रेममध्ये ते थोडे सैल होतात, आणि मागून येणारा ‘कट-कट’ आवाज पुष्कळदा तेवढ्यानेच थांबतो. कोणत्या बोल्टला किती न्यूटन-मीटर, हे बऱ्याच फ्रेमवर बोल्टशेजारीच छापलेले असते. नसेल तर ते विक्रेत्याकडून लिहून घ्यावे.