धान्य बँक, अजिंठा रोड, जळगाव : गरज असेल तर बिनधास्त जा

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, पण आधी ज्यांना गरज आहे त्यांनी हे वाचा, कारण आपल्या भागातल्या बऱ्याच जणांना ही जागा माहीतच नाही आणि ज्यांना माहीत आहे ते लाजेपायी जात नाहीत.

अजिंठा रोडने एमआयडीसीकडे जाताना आमच्या कॉलनीतल्या मंडळाचा हॉल लागतो, तिथे दर रविवारी सकाळी नऊ ते एक ही धान्य बँक चालते, म्हणजे लोकांनी दिलेला किराणा गरजू घरांना देतात. सरकारी नाही, कुठल्या पक्षाचंही नाही. कॉलनीतली माणसं, दोन-तीन रिटायर सर, काही कॉलेजची पोरं. माल दाणा बाजारातले व्यापारी देतात, डाळ मिलवाले डाळ पाठवतात, बाकी कॉलनीतून जमा होतं. रेशनकार्ड विचारत नाहीत, उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत, वहीत नाव आणि घरात खाणारी माणसं किती एवढंच लिहून घेतात. एका कुटुंबाला महिन्यातून एकदा.

माझे मिस्टर जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जातात. जिनिंगचं काम दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागला की सुरू आणि उन्हाळ्यात बंद, मग पावसाळाभर मिळेल ते काम, आणि नेमकं जूनमध्येच पोरांच्या वह्या, दप्तर, रिक्षाचे पैसे सगळं एकदम येतं. लोक म्हणतात रेशन मिळतं ना मग अजून काय पाहिजे. मिळतं, माणशी 5 किलो, 2023 पासून फुकट, आणि त्याचा आधार खूप मोठा आहे हे मी मनापासून सांगते. पण ते गहू-तांदूळ आहेत हो. तेल कुठून आणायचं, तूरडाळ कुठून, तिखट, हळद, चहापत्ती, अंगाचा साबण? 2022 च्या दिवाळीला सरकारचा आनंदाचा शिधा निघाला होता, 100 रुपयात रवा, साखर, चणाडाळ एकेक किलो आणि एक लिटर पामतेल, तेव्हा घरात काय आनंद झाला होता, पण ते सणापुरतं. सरकारी शिवभोजन केंद्रातली 10 रुपयांची थाळी एकट्या मजुराला चांगली आहे, त्यात दोन चपात्या, भाजी, वरण, भात असतो, पण पाच माणसांचं घर रोज उठून तिथे जेवायला कसं जाणार.

म्हणून ही धान्य बँक कामाची आहे, रेशनवर जे मिळत नाही ते इथे मिळतं.

आणि मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे बांधलेलं किट हातात देत नाहीत. रॅक लावलेत, माणसं किती त्यावर वस्तूंचा आकडा ठरतो आणि मग तुम्ही दुकानात गेल्यासारखं फिरून आपल्याला लागेल ते उचलायचं. आमच्या शेजारच्या मावशींना शुगर आहे, त्या साखरेऐवजी शेंगदाणे घेतात. ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे ती बाई रवा जास्त घेते. माझ्या घरी तांदूळ उरतो म्हणून मी तेल आणि डाळच घेते. किटमध्ये काय होतं, नको असलेली वस्तू घरात पडून राहते नाहीतर कुणाला तरी विकली जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारातच उभी होते तर तिथल्या एक आजी म्हणाल्या, "ये माय, तुले काय जोयजे ते घे", बस, पुढे काही विचारलं नाही. आणि फोटो कुणी काढत नाही! लॉकडाऊनमध्ये पिशवी घेताना फोटो काढून घ्यावे लागले होते, ज्यांनी ते सोसलंय त्यांना समजेल मी हे का लिहितेय.

एप्रिल-मे मध्ये तर ही जागा जास्तच लागते. शाळा चालू असली की आठवीपर्यंतच्या पोरांना दुपारचा पोषण आहार असतो, सुट्टी लागली की ते जेवण घरावर येतं आणि त्याच दिवसात जिनिंग बंद पडतं. त्यात आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी येतात, खापरावरची पुरणपोळी नाही केली तर आखाजी कसली. यंदा आखाजीच्या आधीच्या रविवारी रॅकवर चणाडाळ आणि गूळ मुद्दाम जास्त ठेवला होता, हे ज्याला सुचलं त्याचं भलं होवो.

मध्य प्रदेशातून, सातपुड्याकडून कामाला आलेली कुटुंबं पण येतात. त्यांचं कार्ड गावाकडचं, आता कुठल्याही दुकानात धान्य उचलता येतं हे खरं आहे, पण अर्धं घर गावी असतं आणि धान्य तिकडेच उचललं जातं. इथे त्यांनाही तेवढंच मिळतं, बाहेरचे म्हणून मागे ठेवत नाहीत.

आता अर्धा स्टार. एक तर वेळ. एमआयडीसीत बऱ्याच जणांना रविवारी पण शिफ्ट असते, बुधवारी संध्याकाळी दोन तास जरी उघडलं तरी ती माणसं येतील. दुसरं, बारानंतर गेलं तर तेल संपलेलं असतं, आणि कच्चं धान्य शिजवायला गॅस लागतो तेव्हा पोहे, मुरमुरे, फुटाणे असं न शिजवता खाता येईल ते पण ठेवा. तिसरं, ज्वारी ठेवा ना प्लीज. आपल्या इकडे कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा असला की माणूस दिवसभर काम करतो, किलो-दोन किलो दादर ज्वारी आणि थोडे उडीद असले तर किती घरं चालतील. मध्ये एकदा डाळीत सोंडे निघाले होते, सांगितल्यावर लगेच बदलून दिली आणि आता प्रत्येक पाकिटावर पेनने तारीख टाकतात, त्यामुळे त्याचे मार्क कापत नाही.

जाताना स्वतःची पिशवी आणि तेलासाठी बाटली न्या. ज्यांना द्यायचं आहे त्यांनी गहू-तांदूळ देऊ नका, ते पुष्कळ येतं. तेल, तूरडाळ, तिखट, चहापत्ती, साबण आणि पॅड द्या, पॅड कुणी देत नाही आणि बाया मागत नाहीत. सामान शनिवारी संध्याकाळी हॉलवर घेतात.