रोमन काचकुपी: मोकळ्या फुंकरीची की साच्यातली?

प्राचीन रोमन काचेची एखादी कुपी संग्रही असावी असे ज्यांना वाटते, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न घडणीचा उभा राहतो. मोकळ्या फुंकरीने, म्हणजे साच्याशिवाय नळीतून हवा फुंकून, तापलेली काच घडवण्याची कला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर उदयास आली आणि साच्यात फुंकण्याची पद्धत पुढच्याच, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या, शतकात आली. त्यामुळे केवळ जुनेपणावरून निवड करता येत नाही.

साच्यातल्या कुपीचे सारे वैभव तिच्या नक्षीत असते. खजुराच्या आकाराची, जेमतेम ७ सेंटिमीटर लांबीची तपकिरी कुपी पाहिली, तर तिच्यावरच्या खारकेसारख्या सुरकुत्या इतक्या हुबेहूब असतात, की साचा खऱ्या फळावरूनच घेतला असावा असे वाटते. कडेला साच्याच्या दोन भागांचा सांधाही दिसतो. एनिऑन या कारागिराने तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपले नाव ग्रीक अक्षरांत साच्यातच कोरले आणि ते आजही त्याच्या भांड्यांवर वाचता येते. मात्र नक्षीचा उठाव बोथट असेल, तर अशा कुपीसाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मोकळ्या फुंकरीच्या कुप्या अधिक संख्येने सापडतात आणि साध्या असतील तर स्वस्तही मिळतात. त्यांची मान अनेकदा किंचित कललेली असते, काचेत बारीक बुडबुडे असतात, आणि अंगाभोवती तापलेल्या काचेचा धागा गुंडाळलेला असेल, तर तो कोठे जाड आणि कोठे बारीक झाला यावरून कारागिराच्या हाताची गती कळते. जमिनीतील ओलावा काचेतील क्षार शोषून घेतो, पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रे तयार होतात आणि त्यांवर इंद्रधनुषी झाक चढते. ही झाक गुळगुळीत अंगावर खुलते. नक्षीवर मात्र तेच पापुद्रे तपशील झाकतात. (ते पापुद्रे धुऊन किंवा घासून काढू नयेत.) पहिलीच खरेदी असेल, तर मी धाग्याची नक्षी असलेली मोकळ्या फुंकरीची कुपी घेण्यास सांगेन.

कोणतीही घेतली, तरी सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा १९७० चा करार झाला, त्यापूर्वीच ती मूळ देशाबाहेर आली होती याचे कागद मागावेत. कागद नसतील तर कुपी कितीही देखणी असली तरी घेऊ नये, कारण अशा अनेक कुप्या थडग्यांतून निघतात आणि चोरून उकरलेल्या थडग्याची माहिती कायमची नष्ट होते.