कॅलेंडर झकास, पण दुधाचा हिशेब कुठे लिहायचा?

साडेतीन स्टार देता येत नाहीत म्हणून चार दिलेत. भिंतीवरचं कॅलेंडर आहे, बारा महिने बारा बायका, ज्यांची नावं आपल्याला शाळेत एकतर कळलीच नाहीत नाहीतर एका ओळीत उरकली. किंमत ३५० रुपये. ऑर्डर २० डिसेंबरला केली आणि हातात पडलं ८ जानेवारीला, जानेवारीच्या पानावर सावित्रीबाई आणि त्यांची ३ तारखेची जयंती होऊन पण गेलेली. त्यात नळीत गुंडाळून पाठवलेलं, सरळच होईना, शेवटी सासूबाईंनी दोन दिवस गादीखाली दाबून ठेवलं.

चित्रं मात्र एक नंबर आहेत आणि खालचा मजकूर पण कोणीतरी वाचून-अभ्यासून लिहिलाय. फेब्रुवारीला मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मुलगी, १८५५ मध्ये हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. मी मराठी घेऊन बीए केलंय हो, आणि मला हे नाव कळलं नोकरीला लागल्यावर. मे महिन्यात दुर्गाबाई कामत, १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषाने केलं कारण काम करायला बाईच मिळेना, आणि फाळक्यांच्या पुढच्याच सिनेमात दुर्गाबाई आणि त्यांची मुलगी कमला दोघी जणी उभ्या राहिल्या. चित्रात मायलेकी आरशासमोर बसल्यात, आई मुलीची वेणी घालतीये, तोंडात रिबीन धरून. ती रिबीन बघून मी पान उलटायचं विसरले.

सगळ्यात आवडलं ते कमला सोहोनींचं पान. दुर्गा भागवतांची ही सख्खी बहीण, दुर्गाबाई आपल्याला माहीत असतात आणि बहीण माहीत नसते, काय बोलणार. १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई आहे म्हणून आधी प्रवेशच नाकारला, मग दिला तो वर्षभर बघू या अटीवर. पुढे बाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएचडी घेतली, भारतात आल्यावर नीरा या पेयावर काम केलं. हे मी मोठ्याने वाचत होते तर सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "वर्षभर बघू? आम्हाला पण असंच म्हणाले होते लग्न झाल्यावर."

आता तक्रारी. आनंदीबाई जोशींच्या पानावर डॉक्टरकीची डिग्री १८८७ ची छापलीये. डिग्री मिळाली १८८६ मध्ये, ८७ च्या फेब्रुवारीत तर त्या गेल्या, २२ पण पूर्ण नव्हत्या. एवढ्या थोडक्या आयुष्यात एक वर्ष इकडचं तिकडे झालं तर कसं चालेल? विक्रेत्याला मेसेज केला, "थँक्यू मॅम" आणि हात जोडलेला इमोजी आला, बास.

दुसरं म्हणजे हे ज्याने कोणी डिझाईन केलंय त्याच्या घरात स्वयंपाकघरातल्या खिळ्याला कॅलेंडर कधी टांगलेलं नसणार. तिथी नाही, चतुर्थी-एकादशी नाही, तारखेचे चौकोन एवढेसे की 'दूध २ लि.' लिहिलं की तारीख गायब, आणि कागद चकचकीत, बॉलपेन उठतच नाही. मी जेलपेनने लिहिलं, तर बाईंचा खाडा लिहिलेला कामाला आलेल्या बाईंच्याच ओल्या हाताने पुसला गेला. त्या खूश, मी नाही. आणि मागची बाजू सगळी कोरी! कालनिर्णयची मागची पानं आमच्याकडे वर्षभर वाचली जातात, इथे बाराच्या बारा पानं मोकळी सोडलीत.

म्हणून सध्या खिळ्याला कालनिर्णय आणि हे फ्रिजच्या बाजूला चुंबकाने. शाळेला, लायब्ररीला, कुणाला भेट द्यायला बिनधास्त घ्या, पण ऑर्डर नोव्हेंबरातच टाका. १८८७ वर मी जेलपेनने ६ केलाय, तेवढा मात्र अजून पुसला गेला नाहीये.