वाळू, ग्रॅव्हिटी डाय, लो प्रेशर की हाय प्रेशर? ॲल्युमिनिअमचा भाग ओतून घेण्याआधी

ॲल्युमिनिअमचा भाग ओतून घ्यायचा ठरला की बोलणं लगेच नग किती आणि डायचा (धातूच्या साच्याचा) खर्च किती यावर येतं. तो हिशेब हवाच. पण त्याआधी हे ठरवा, की भागावर जोर नेमका कुठे येणार आणि त्या जागी धातू किती वेगाने गोठणार. कारण एकच मिश्रधातू चार पद्धतींनी ओतला, तर हाती येणाऱ्या चार भागांची ताकद चार तऱ्हेची असते.

गोठताना ॲल्युमिनिअमचे स्फटिक झाडाच्या फांद्यांसारखे वाढतात. वाळूच्या साच्यात उष्णता सावकाश निघते, म्हणून फांद्यांमधलं अंतर सहसा ५० मायक्रॉनच्या पुढे जातं. धातूच्या डायमध्ये ते साधारण २० ते ४० वर येतं, तर प्रेशर डाय कास्टिंगच्या, म्हणजे धातू डायमध्ये जोरात दाबून भरण्याच्या पद्धतीच्या, पातळ भिंतीत १०च्या आसपास. अंतर जितकं कमी, तितकं मिश्रधातूतलं सिलिकॉन बारीक, पोकळ्या लहान आणि तुटण्याआधी धातू ताणला जाण्याची क्षमता जास्त.

एवढ्यावरून प्रेशर डाय सर्वांत चांगली वाटेल. इथेच अनेकांची निवड चुकते, कारण धातू साच्यात कसा शिरतो हेही तितकंच महत्त्वाचं आहे. वितळलेल्या ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडची साय कायम असते. प्रवाहाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वर गेला की ती दुमडून आत जाते, आणि ही दुमडलेली साय म्हणजे आतली तयार भेगच. हाय प्रेशरमध्ये, म्हणजे याच प्रेशर डायमध्ये, गेटपाशी (धातू साच्यात शिरतो त्या तोंडाशी) वेग सेकंदाला ३० ते ६० मीटर असतो! सायीबरोबर हवाही कोंडली जाते. वरची कातडी घट्ट आणि मधला गाभा सच्छिद्र, अशी रचना मिळते. मशिनिंगमध्ये कातडी निघाली की भाग गळू लागतो. टी६ या ताकद वाढवणाऱ्या हीट ट्रीटमेंटसाठी ५०० अंशांच्या वर तापवला, तर कोंडलेला वायू फुगून पृष्ठभागावर फोड येतात. शिवाय धातू डायला चिकटू नये म्हणून सहसा एक टक्क्याच्या आसपास लोह ठेवतात. त्याच्या सुईसारख्या कणांमुळे भाग ठिसूळ होतो. व्हॅक्यूम आणि लोहाऐवजी मँगनीज वापरलेले मिश्रधातू हे दोष बरेच कमी करतात, पण मग ती साधी प्रेशर डाय कास्टिंग राहत नाही.

वाळूचं दुखणं वेगळं आहे. द्रव ॲल्युमिनिअममध्ये हायड्रोजन जितका विरघळतो, त्याच्या सुमारे विसावा हिस्साच घन धातूत मावतो. सावकाश गोठणाऱ्या जाड भागात बाहेर पडलेल्या वायूला बुडबुडे वाढवायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे इथे डीगॅसिंगमध्ये, म्हणजे ओतण्याआधी धातूतला वायू काढण्यात, कसूर चालत नाही. जोर येणाऱ्या जागी लोखंडी चिल (उष्णता झटकन ओढून घेणारा तुकडा) बसवली, तर तेवढ्या भागापुरती रचना डायच्या जवळ नेता येते. नग थोडे आणि भाग मोठा असेल, तर वाळूच घ्या.

ग्रॅव्हिटी डाय, म्हणजे दाब न देता धातू आपल्या वजनाने डायमध्ये ओतणं, हा मधला मार्ग आहे. मात्र डाय आकुंचनाला वाव देत नाही, म्हणून ॲल्युमिनिअम-तांब्याच्या मिश्रधातूंत गरम असतानाच तडे जातात. सिलिकॉन असलेल्यांत हा त्रास बराच कमी. डाय थंड राहिली तर कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह एकजीव न झालेल्या जागा) येतात.

वारंवार भार झेलणाऱ्या आणि टी६ करायच्या भागासाठी माझा कौल लो प्रेशरला. त्यात कमी दाबाने धातू खालून, शांतपणे वर चढतो आणि गोठेपर्यंत तो दाब धातूचा पुरवठा चालू ठेवतो. मोटारींची अलॉय व्हील्स मोठ्या प्रमाणावर अशीच ओततात. पातळ भिंतींची, हजारोंनी लागणारी, फारसा ताण नसलेली हाउसिंग असतील तर मात्र हाय प्रेशरच.

ऑर्डर देताना वेगळ्या ओतलेल्या टेस्ट बारचे (ताकद तपासायच्या कांडीचे) आकडे पुरेसे मानू नका. तो बार तुमच्या भागापेक्षा वेगळ्या वेगाने गोठलेला असतो. प्रत्यक्ष भाग जोर येणाऱ्या जागीच कापून त्याचा मायक्रोस्कोपखालचा फोटो मागा.