थर्मोसायफन: गोठलेल्या जमिनीतल्या खांबांसाठी बिनविजेचा फ्रीज

कायम गोठलेल्या जमिनीवर गरम क्रूडची (कच्च्या तेलाची) पाइपलाइन उभी करायची तर खरी भीती वितळण्याची. खांबाभोवतीचा बर्फ सुटला की खांब खचतो, आणि हिवाळ्यात वरचा थर पुन्हा गोठून फुगला की तोच खांब वर उपसला जातो. अमोनियाच्या थर्मोसायफन नळ्या हे दोन्ही थोपवतात.

त्यांची सगळ्यात मोठी परीक्षा अलास्कात झाली. प्रूडो बे ते वाल्डीझ या 48 इंची लाइनमधून 1977 साली तेल वाहू लागलं. सुमारे 1,287 किमीपैकी 676 किमी लाइन जमिनीच्या वर, जवळपास 78 हजार खांबांवर आहे. गरज आहे त्या खांबांत दोन-दोन अशा सुमारे 1 लाख 24 हजार नळ्या बसवल्या आहेत.

नळी दोन इंची, सीलबंद, आत थोडा निर्जल अमोनिया. हवा जमिनीपेक्षा थंड झाली की तळाचा अमोनिया उकळतो, वाफ वर चढून ॲल्युमिनियमच्या फिन्समध्ये (नळीच्या वरच्या टोकाच्या पातळ पात्यांमध्ये) उष्णता सोडते आणि द्रव होऊन भिंतीवरून खाली ओघळते. पंप नाही, वायरिंग नाही. उन्हाळ्यात हे चक्र आपोआप थांबतं, त्यामुळे वरची उष्णता नळीतून खाली उतरत नाही. हा गुण आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो.

बसवताना घाई मात्र महागात पडते. 18 इंची खांबासाठी सुमारे 24 इंची भोक घ्यायचं, फटीत वाळू-पाण्याचा लगदा व्हायब्रेटरने बसवायचा आणि तो पुरता गोठेपर्यंत खांबावर भार टाकायचा नाही. लगद्यात पोकळी राहिली तर तिथे गारवा पोचत नाही आणि खांबाची पकडही जाते, मग नळी कितीही उत्तम असो.

मोठा दोष हायड्रोजनचा. आत ओलावा राहिला तर स्टील गंजून हा वायू सुटतो. तो द्रवरूप होत नाही, फिन्सच्या टोकाला साचतो आणि तेवढा भाग निकामी होतो. कडाक्याच्या थंडीत, वारा पडलेला असताना, रात्री इन्फ्रारेड कॅमेरा लावा: चालू फिन्स हवेपेक्षा उबदार दिसतात, तुंबलेलं टोक हवेइतकंच गार. हायड्रोजन शोषणारं द्रव्य बसवून अशी नळी पुन्हा कामाला लावता येते.

बर्फाळ, गाळाच्या जमिनीत हा खर्च जरूर करा. खडकात किंवा वितळूनही न खचणाऱ्या खडीत लाइन सरळ पुरावी. लाइनच्या शेवटी तेल साठवणारं वाल्डीझचं टर्मिनल खडकावर आहे. तिथे पैसा टाक्यांच्या छपरावरचा बर्फ आणि व्हेंट (वाफ सोडायची तोंडं) सांभाळण्यात घालावा.