चुन्याचा गिलावा : दहा महिने आणि एक पावसाळा

गिरगावातल्या वाडीतलं आमचं घर सागवानी खांबांचं, विटांच्या भिंतींचं. पश्चिमेच्या भिंतीला ओल जुनीच. सहा वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने जुना चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला, वर पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग चोपडला. दोन वर्षं भिंत गुळगुळीत होती. मग कमरेएवढ्या उंचीवर फुगे, पोपडे, पांढरा लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे क्षार. सिमेंट आणि रंगाच्या थराखाली विटेतली ओल कोंडली होती; ती क्षार घेऊन जागा मिळेल तिथून फुटत होती.

गेल्या डिसेंबरात सगळं उतरवलं. आधी बाहेरचा फुटका पाइप बदलला. ते न करता आत काहीही लावलंत तर पैसे पाण्यातच. साताऱ्याकडचे वयस्कर गवंडी मिळाले. त्यांनी चुना महिनाभर आधीच मुरत घातला होता. त्यात रेती, सुरखी (भाजक्या विटांची पूड), गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. आठवडाभर घराला आंबूस वास होता, आई मात्र खूश!

पहिल्या थरात घोळ मी घातला. लवकर वाळावा म्हणून पंखा फुल सोडला आणि सकाळी भिंतीवर केसासारख्या चिरा. गवंडीमामा एवढंच म्हणाले, "घाई सिमेंटला करा." चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत हळूहळू पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यासाठी भिंतीत ओलावा राहावा लागतो. तो भाग पुन्हा केला. मग गोणपाट ओलं करून लावणं हे माझं रोजचं काम झालं. हातमोजे घाला, चुना कातडी खातो.

आता पावसाळ्याचं. जुलैत भिंत गडद झाली, माझ्या पोटात गोळा आला. पण चार दिवस उघडीप मिळाली आणि डाग फिका पडला. ही भिंत ओली होते आणि वाळते. आधीची फक्त ओली व्हायची.

तक्रारीही आहेत. सिमेंटच्या जवळपास दुप्पट खर्च, तीन आठवडे धूळ. सफेदी काळ्या शर्टाला लागते. खिळा सरळ ठोकला तर टवका उडतो, ड्रिलच लागतं.

लोणा एकाच जागी परत आला, स्विचबोर्डाखाली. वायरिंग हलवायचा कंटाळा म्हणून तिथे तळहाताएवढं जुनं सिमेंट तसंच ठेवलं होतं. दिवाळीआधी तेही फोडायचंय.