अदालत रोडवरील भाषांतर कार्यालय : कॅनडाच्या अर्जानिमित्त आलेला अनुभव

धाकट्या भावाला कॅनडाच्या एक्सप्रेस एन्ट्रीतून, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी कुशल कामगार निवडण्याच्या पद्धतीतून, अर्ज करण्याचे निमंत्रण आले, तेव्हा पूर्ण अर्ज दाखल करण्यासाठी हाती ६० दिवस होते आणि भावजयीची निम्मी कागदपत्रे मराठीत होती. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या अदालत रोडलगतच्या एका लहान भाषांतर कार्यालयाची सेवा आम्ही घेतली. ते इमिग्रेशन सल्लागार नाहीत आणि तसा आवही आणत नाहीत. कागद तपासणे, त्यांचे इंग्रजी भाषांतर करणे व सोबत भाषांतरकाराचे प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर करून देणे, एवढेच त्यांचे काम.

त्यांची खरी किंमत कळते ती भाषांतराच्या आधीच्या तपासणीत. भावजयीचा जन्म कळंब तालुक्यातला. पासपोर्टवर जिल्हा उस्मानाबाद, तर ग्रामपंचायतीतून नव्याने काढलेल्या जन्म दाखल्यावर धाराशिव. जन्म दाखल्यावर आडनाव नुसते ‘चौधरी’, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘चौधरी पाटील’, आणि लग्नानंतर पहिले नावही वेगळे. कार्यालयातील ताईंनी सगळे कागद टेबलावर मांडून त्यांच्या झेरॉक्सवर प्रत्येक नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि राजपत्राची प्रत आहे का, हा पहिला प्रश्न विचारला. (आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची हौस दांडगी, पण ते राजपत्रात छापून आणण्याचा कंटाळा त्याहून दांडगा.) प्रत नव्हती, तेव्हा ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आधी करून घ्या, राजपत्राचा अर्जही लगेच टाका, असे त्यांनी सांगितले. जिल्ह्याचे नाव मात्र त्यांनी मूळ कागदावर होते तसेच ठेवले आणि २०२३ मध्ये झालेल्या नामांतराची टीप खाली जोडली.

कॅनडाच्या नियमानुसार अर्जदाराने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेले भाषांतर चालत नाही आणि शिक्क्यांवरील मजकूरही भाषांतरित असावा लागतो. भावाने घरीच तयार केलेला मसुदा त्यांनी शांतपणे परत केला. ग्रामपंचायतीच्या पुसट गोल शिक्क्यातील अक्षरे मात्र भिंग लावून वाचली. पुरेसे पैसे असल्याचा पुरावा म्हणून द्यायच्या बँकेच्या पत्रात सध्याच्या शिलकीबरोबर गेल्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक, खाते उघडल्याची तारीख आणि थकीत कर्ज यांचा उल्लेख हवा, हेही त्यांनीच बजावले. आमच्या सहकारी बँकेने दिलेल्या पहिल्या पत्रात यांपैकी फक्त सध्याच्या शिलकीची रक्कम होती.

उणिवा आहेत. दरपत्रक कुठेही लावलेले नाही, प्रतिज्ञापत्राचा खर्च पानांच्या दरात धरलेला नाही हे शेवटी कळते आणि पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. एका भाषांतरात दाखला दिल्याची तारीख चुकली होती. ती विनामूल्य दुरुस्त झाली, पण प्रतिज्ञापत्र पुन्हा करण्यात दोन दिवस गेले. पोलिस पडताळणीचे प्रमाणपत्र आणि नोकरीच्या अनुभवाची पत्रे यांत ते हात घालत नाहीत, ती धावपळ ज्याची त्यानेच करायची.

ज्यांची सर्व कागदपत्रे इंग्रजीत आणि एकाच नावाची आहेत, त्यांना येथे येण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीचे, जिल्हा परिषद शाळेचे जुने दाखले असतील तर मूळ प्रतींसह सकाळी लवकर जावे, आणि एकूण खर्च आधी कागदावर लिहून घ्यावा.